करंज-कडुलिंबाचं तेल: कोरड्या खाजेला चालेल, नायट्याला नाही

कोपरावर आणि मानेमागे कातडी कोरडी पडून सालपटं निघायची, रात्री खाजवून खाजवून लाल, म्हणून हे करंज-कडुलिंबाचं तेल घेतलं. बेस तिळतेलाचा आहे आणि कशाचं किती प्रमाण ते लेबलवर नीट छापलंय, हे आवडलं.

वास मात्र भयंकर! कडुलिंबाच्या तेलात गंधकाची संयुगं असतात, त्यामुळे जळक्या लसणासारखा दर्प येतो आणि आंघोळ केली तरी पूर्ण जात नाही, वर उशीच्या अभ्र्याला पिवळे डाग. थंडीत बाटलीत गोठतं, ते खराब झालं म्हणून फेकू नका, कोमट पाण्यात बाटली ठेवली की पातळ होतं.

आंघोळीनंतर त्वचा जरा ओलसर असतानाच लावलं तर खाज बरीच कमी होते, सालपटंही बसली. पण यातलं सगळं श्रेय जडीबुटीला देऊ नका, नुसत्या तेलानेही ओलावा टिकतोच की.

नायट्याला मात्र शून्य उपयोग. घरात एकाला जांघेत झाला होता, तिथे हे चोपडलं तर उलट चिकचिक वाढली. नायटा म्हणजे बुरशी, तिला अँटीफंगलच लागतं. मग कोणीतरी बिनलेबलची '१०० टक्के आयुर्वेदिक' मलमाची डबी आणून दिली, दोन दिवसांत लाली गायब, सगळे खूश, आणि लावायचं थांबवल्यावर चट्टा दुप्पट मोठा झाला. स्किनवाल्या डॉक्टरांनी बघताच विचारलं मलम कुठलं लावलं, म्हणे असल्या डब्यांत क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, त्याने लाली दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. त्यामुळे हर्बल म्हणून विकलेलं काही एका रात्रीत काम करायला लागलं की मला तरी आता आधी शंका येते.

याच तेलाचा बावचीवाला प्रकारही मिळतो, कोडासाठी म्हणून. तो आपल्या मनाने लावू नका हं, बावचीत सोरालेन असतं, ते लावून उन्हात गेलात तर कातडी भाजून फोड येतात.

हे साधं तेलही आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस बघा, चिघळलेल्या जागी नको. आणि पोटात तर अजिबात नाही, कडुलिंबाचं तेल पाजल्यामुळे लहान मुलांना गंभीर विषबाधा झालेली आहे.

५ पैकी ३ स्टार, एक वासाचा कापला आणि एक पॅकवर 'सर्व त्वचारोगांवर' लिहिलंय त्याचा. परत घेईन पण छोटी बाटली.