दांडिया बाजाराजवळचं सोनोग्राफी सेंटर: तपासणी चोख, वेळेचा मात्र आनंद

बडोद्यात पोटाची सोनोग्राफी करायची असेल तर हे सेंटर बिनधास्त सुचवावं. मशीन बघून नव्हे. बरी मशीन आता सगळीकडेच आहेत. इथे रेडिओलॉजिस्ट स्वतः प्रोब धरतात आणि जेल लावण्याआधी विचारतात, "घरात कुणाला किडनीचा त्रास? कुणाचं डायलिसिस?"

प्रश्न कामाचा आहे. पॉलिसिस्टिक किडनी म्हणजे किडनीत पाणी भरलेल्या पिशव्या (सिस्ट) होत जाण्याचा आजार. त्याचा नेहमी आढळणारा प्रकार आई किंवा वडिलांना असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के. उलट साध्या सिस्ट उतारवयात कितीतरी जणांना निघतात आणि बहुतेकदा त्यांचं काहीच करावं लागत नाही. म्हणून नुसतं 'दोन्ही किडन्यांत सिस्ट' लिहिलेला रिपोर्ट जवळपास निरुपयोगी. घरात हा आजार असेल तर १५ ते ३९ वयात दोन्हींत मिळून किमान ३ सिस्ट, ४० ते ५९ मध्ये प्रत्येक किडनीत किमान २ आणि साठीपासून पुढे प्रत्येकीत किमान ४, असा निदानाचा हिशेब धरतात. इथल्या रिपोर्टात सिस्टची संख्या, सर्वांत मोठीचं माप आणि दोन्ही किडन्यांची लांबी लिहिलेली असते. पंचविशीतल्या मुलाची सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून 'आजार नाही' असा शिक्काही मारत नाहीत. त्या वयात बारीक सिस्ट निसटतात. शंका उरलीच तर एमआरआय किंवा जनुकीय तपासणी.

पित्ताशयात काही दिसलं की कुशीवर वळवून पुन्हा बघतात. खडा सहसा घरंगळतो, पॉलिप (भिंतीला चिकटलेली वाढ) जागचा हलत नाही. त्यासाठी ६ ते ८ तास पोट रिकामं हवं. साधं पाणी चालतं, दुधाचा चहा नाही: त्याने पित्ताशय आकसतं, भिंत उगाच जाड दिसते आणि बारीक खडा सुटू शकतो. फोनवरच्या बेन 'उपाशी या' एवढंच सांगतात. चहाचा विषय त्यांच्या लेखी उपासात बसतो की काय, कोण जाणे.

खरी तक्रार नंबराची. तासभर आधी ४-५ ग्लास पाणी प्यायला लावतात आणि मग ताटकळत बसवतात. मूत्राशय तुडुंब भरलं की किडनीला सूज आल्यासारखं दिसू शकतं. लघवी करून आल्यावर ती उतरते. डॉक्टर सहसा पुन्हा बघतात, पण गर्दीत ते राहिलं तर विनाकारण सीटी स्कॅन मागे लागायचा. तेव्हा 'मोकळं होऊन आल्यावर परत बघणार ना?' हे आपणच विचारावं. इन्सुलिनवाल्यांनी सकाळचा पहिलाच नंबर मागावा आणि त्या सकाळच्या डोसचं आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.

जुने रिपोर्ट न्या, मापं ताडून बघतात. फोटो थर्मल कागदावर मिळतात, ते उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नका, खराब होतात. पीडीएफ मागितली तर व्हॉट्सॲपवर पाठवतात, आपणहून नाही.