ऑलिम्पिया एसएम3: आठ महिने वापरल्यावर, आणि त्या 'एम'चा अर्थ

जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या शनिवारच्या जुन्या बाजारातून ऑलिम्पिया कंपनीची ही टाइपरायटर मशीन उचलली त्याला आठ महिने झाले, रोज निदान एक पान तरी टाईप होतंच. विकणारा म्हणाला होता एसएम म्हणजे जर्मनमध्ये श्राइबमाशीन, म्हणजे टाइपरायटर, झालं. मीही तेच धरून बसलो. मग याच कंपनीची एसजी1 बघितली, नंतर एसएफ, आणि गणित जुळेना. तर एकटा एस म्हणजेच श्राइबमाशीन. एम म्हणजे मिटलग्रोस, मध्यम आकाराची. जी म्हणजे ग्रोस, ऑफिसच्या टेबलावर ठाण मांडून बसणारी मोठी. एफ म्हणजे फ्लाख, चपटी.

हे कळल्यावर खरेदीच बदलते हो! बाजारात सगळ्याच मशीन 'पोर्टेबल' म्हणून विकतात. मी पहिल्याच महिन्यात एसएम3 पेटीत घालून ट्रेनने नेली आणि दोन प्लॅटफॉर्म बदलेपर्यंत खांदा भरून आला. ही घरातल्या घरात हलवायची मशीन आहे, प्रवासाला न्यायची तर चपटीच बघा. पण टेबलावर ठेवली की जागची हलत नाही, अक्षर ठसठशीत उमटतं, ओळ सरळ येते, यात मी तिला पैकीच्या पैकी मार्क देईन.

पुढचा आकडा मात्र आकार सांगत नाही. एसएम2 ला टॅब, म्हणजे एका झटक्यात ठरलेल्या जागी उडी मारायची सोय, नाही, 3 ला आहे पण टॅबचे थांबे मागे हात घालून हाताने लावायचे, 4 ला तेच काम कीबोर्डवरून होतं. मोठा फरक 9 मध्ये. माझ्या 3 ला शिफ्ट दाबली की अख्खं कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, वर उचललं जातं, दिवसभर कॅपिटल मारले की करंगळी दुखते. मित्राच्या 9 मध्ये कॅरेज जागच्या जागी राहतं, अक्षरांचा संच खाली जातो, शिफ्ट लोण्यासारखी.

कीबोर्ड जर्मन, म्हणजे झेड आणि वाय अदलाबदल, कारण जर्मनमध्ये झेड सारखा लागतो. मी टायपिंग शिकलो कोल्हापूरच्या क्लासमध्ये, बोटं तिथलीच. आईला रोमनमध्ये पत्र लिहितो तर 'माझ्या' लिहायला झेड नि वाय लागोपाठ, आणि कागदावर येतं 'मायझा'. सुरुवातीला प्रत्येक पत्रात चारपाच तरी असायचे, आता क्वचित. आईने ते आधी माझ्या तब्येतीवर घेतलं होतं.

एकदा टाइपरायटरच्या नावांचा नाद लागला की सुटत नाही. ग्रोमा म्हणजे ग्रोसर कंपनी आणि तिचं गाव मार्कर्सडोर्फ, दोघांची सुरुवातीची अक्षरं जोडलेली. तिचीच कोलिब्री, म्हणजे हमिंगबर्ड, इतकी चपटी की नाव शोभतं. टिप्पा हे टिपेन वरून, म्हणजे टाईप करणे. आडलर म्हणजे गरुड. ऑप्टिमाची गोष्ट तर जर्मनीच्या फाळणीची: ऑलिम्पियाचा मूळ कारखाना एअरफुर्टला, दुसऱ्या महायुद्धानंतर तो पूर्व जर्मनीच्या वाट्याला गेला, नाव मात्र पश्चिमेतल्या विल्हेल्म्सहाफेनच्या कंपनीकडे राहिलं, म्हणून एअरफुर्टवाल्यांना नवं नाव घ्यावं लागलं. माझी मशीन पश्चिमेची.

आणि ड्रेस्डेनची एरिका, 1910 ची, मालकांच्या घरातल्या नातीचं नाव म्हणतात. पुढची मशीन मी तीच बघतोय, फक्त कागद ज्यावर गुंडाळतो त्या रुळाचं रबर दगडासारखं झालेलं नसलं पाहिजे, घेताना नखाने दाबून बघणार.