फक्त पाठराखण वाचून स्वप्रकाशित पुस्तकं निवडली : काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेले काही महिने मी स्वप्रकाशित ई-पुस्तकं एकाच पद्धतीने निवडतोय. मुखपृष्ठ, तारे, परीक्षणं यांच्याकडे बघायचं नाही. आधी फक्त पाठराखण, म्हणजे पुस्तकाची ओळख करून देणारा छोटा मजकूर (ब्लर्ब), वाचायची, पुस्तक कसं निघेल याचा अंदाज एका ओळीत लिहून ठेवायचा, आणि पुस्तक वाचून झालं की तो ताडून पाहायचा. पद्धत कामाची आहे, मी ती सोडणार नाही. मात्र तिच्यावर एकाच बाजूने विसंबता येतं. पोकळ पाठराखणीमागे चांगलं पुस्तक क्वचितच सापडलं. देखण्या पाठराखणीमागे काहीही सापडू शकतं.

प्रकाशनसंस्थेच्या पुस्तकावर मलपृष्ठाचा मजकूर बहुधा संपादक किंवा संस्थेतलं कोणी लिहितं. स्वप्रकाशनात तो बहुतेक वेळा लेखकाच्याच हातचा असतो, म्हणून तो लेखणीचा पहिला नमुना म्हणून वाचता येतो. केडीपीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेवर, या वर्णनासाठी ४,००० अक्षरांपर्यंत जागा मिळते. तेवढ्यात लेखक काय सांगतो आणि काय गाळतो, यावरून त्याला आपलं पुस्तक कितपत कळलंय ते दिसतं.

सगळ्यात खात्रीची खूण शुद्धलेखनाची निघाली. जो मजकूर सगळ्यात जास्त लोक वाचणार, त्यातच ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आणि अर्धवट वाक्यं असतील, तर आतल्या पानांचं मुद्रितशोधन झालेलं नसतं. उलट मात्र खरं नाही. सफाईदार भाषा आता यंत्रही लिहून देतं. २०२३पासून केडीपी लेखकांना एआयने तयार केलेल्या मजकुराची माहिती विचारते, पण ती वाचकाला दाखवली जात नाही. त्यामुळे निव्वळ गुळगुळीत पाठराखणीला मी गुण देणं बंद केलं.

मग बघायचं काय? नेमकेपणा. ‘ही कथा आहे प्रेमाची, विश्वासाची आणि नियतीच्या खेळाची’ हे वाक्य कुठल्याही कादंबरीवर चिकटवता येतं, आणि अशा पुस्तकांत पात्रंही तशीच निघाली, कुणाचीही असू शकतील अशी. याउलट ‘वडील गेल्यावर त्यांच्या नावावर दुसरं घर निघतं, आणि आईला ते न उघडताच विकायचंय’ एवढं कुणी लिहिलं की माणसं, अडचण, ओढाताण सगळं समोर येतं. असं लिहिणाऱ्याने कथेचा विचार केलेला असतो.

इथेच एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. पोकळ पाठराखण वेगळी आणि गोंधळलेली वेगळी. काही पाठराखणींत सहा-सात पात्रांची नावं, दोन पिढ्यांची हकिकत, गावाचा इतिहास असं सगळं कोंबलेलं असतं. वाचताना दम लागतो. पण त्यातला प्रत्येक तपशील खरा, पाहिलेला असतो. यांतली बरीच पुस्तकं मनापासून आवडली. कादंबरी रचणं आणि तीच कादंबरी दहा ओळींत बसवणं ही दोन निराळी कौशल्यं आहेत, आणि आपल्याच लिखाणापासून चार पावलं मागे सरणं कुणालाही जड जातं. पाठराखण विस्कळीत आहे एवढ्यावरून पुस्तक नाकारणं हा त्या लेखकावर अन्याय आहे.

माहितीपर पुस्तकांत काम सोपं. पुस्तक कुणासाठी आहे आणि त्यात काय नाही, हे ज्याने लिहिलंय त्याचं पुस्तक सहसा नीट बेतलेलं असतं. ‘आयुष्य बदलून टाकणारं’ एवढंच असेल तर पुढे जावं. कवितासंग्रहांना ही पद्धत लावू नये. तिथे कविताच वाचावी.

आता मी पाठराखणीनंतर नमुना पानं उघडतो. किंडलवर साधारण सुरुवातीचा दहा टक्के भाग फुकट वाचायला मिळतो. पाठराखणीतला आवाज आणि पहिल्या प्रकरणातला आवाज एकाच माणसाचे वाटतात का, हे आधी बघतो. न जुळणारी पुस्तकं इथेच गळतात. तरी एक गोष्ट या दोन्हींतून निसटते : मधला भाग. पाठराखण सुरुवातीच्या पेचावर थांबते, नमुनाही तिथेच संपतो, आणि स्वप्रकाशित कादंबऱ्या सर्वाधिक रेंगाळतात त्या मध्यावर, जिथे संपादकाने पन्नास पानं कापायला लावली असती.