बडोद्यातल्या काकांची यादी : पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावरचा अनुभव

आधी नेमकं काय वापरलं ते सांगतो, कारण हा कुठल्या ॲपचा किंवा हॉटेलचा रिव्ह्यू नाहीये. मी नाशिकचा, नोकरी हालोलला आणि राहायला बडोद्यात, दांडिया बाजारच्या मागच्या बाजूला एका मराठी काका-काकूंच्या घरात वरची खोली. शेजारची खोली ते होमस्टे म्हणून देतात, त्यामुळे येईल त्याला काका एक पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकतात. दोन पानं, हाताने लिहून स्कॅन केलेली, स्कॅन तिरका आलाय तो आजतागायत कोणी सरळ केला नाही, वर मथळा "आसपास खाणं, पिणं, फिरणं". पाहुणे दोन दिवस ती यादी वापरतात, थँक्यू म्हणून जातात. मी तीच यादी पावसाळ्याच्या शेवटापासून पार उन्हाळा लागेपर्यंत वापरतोय म्हणून वाटलं की लिहावं, बडोद्याला बदली होऊन येणारे मराठी लोक बरेच असतात आणि सगळे येऊन तेच टॉप टेनचे व्हिडिओ बघतात.

यादीची खासियत एकच, तिच्यात पत्ते जवळजवळ नाहीतच, वेळा आहेत. कुठे जायचं हे अर्ध्या ओळीत आणि कधी जायचं, काय घ्यायचं, काय अजिबात घ्यायचं नाही हे दोन ओळींत. पहिल्या आठवड्यात मला हे वेडेपणाचं वाटलं, पत्ता तर द्या ना बाबा. पण पत्ता फोन सांगतोच, सकाळी गेलं की संध्याकाळी हे फोन सांगत नाही आणि खाण्याच्या बाबतीत निम्मा फरक तिथेच पडतो.

आता शेवउसळ. यादीतली पहिली ओळ तीच आहे आणि बडोद्यात दुसरी कुठली असूच शकत नाही. काका लिहितात, "महाकाळी, कीर्तिस्तंभ. सकाळी. तरी आधी चाखावी, मग ओतावी." आपण मिसळवाले लोक इथे गडबडतो, कारण समोर आलेली प्लेट बघून वाटतं की ही मिसळच. तसं नाही. मटकी नाही, पांढरे वाटाणे असतात, मऊ शिजलेले, वर शेव, पातीचा कांदा, बाजूला पाव, आणि तरी वेगळी, जेवढी झेपेल तेवढी आपल्या हाताने घ्यायची. मिसळीत तिखटपणा आचारी ठरवतो, इथे तो खाणारा ठरवतो, आणि खरं सांगू का, सवय झाल्यावर हे जास्त आवडायला लागतं. शेव सगळी एकदम टाकायची नाही, थोडी थोडी, नाहीतर तिसऱ्या घासाला लगदा होतो. गावात शेवउसळीच्या लाऱ्या (हातगाडीला इथे मराठी माणूसही लारीच म्हणतो) चौकाचौकात आहेत आणि प्रत्येक बडोदेकराची एक ठरलेली असते, त्यावरून घरात वाद होतात. काकूंची वेगळी आहे, यादीत नाही. त्यांचं म्हणणं काकांना तरीच्या पुढे काही दिसत नाही.

मिसळीची तलफ आली की कॅनरा कॉफी हाउस. दांडिया बाजारातच आहे, म्हणजे मला चालत. नाव कानडी, गाव गुजराती आणि लोक खायला येतात पूना मिसळ, हे बडोदंच करू जाणे. नाशिकच्या माणसाने मिसळीवर बोलताना जपून बोलावं असं म्हणतात, तर जपून सांगतो: ही नाशिकची नाही, काळ्या मसाल्याची झणझणीत वगैरे अपेक्षा घेऊन जाऊ नका, पण एक जुनी, साधी, न बदललेली चव आहे आणि वर कॉफी मिळते. रविवारी गर्दी असते. यादीतला शेरा "एकट्याने जावे, टेबल लवकर मिळते" हा शंभर टक्के खरा.

फरसाणाचं पटकन उरकतो. लीलो चेवडो घ्याच, बटाट्याचा आणि हरभरा डाळीचा, ओलसर, गोड-आंबट-तिखट एकदम, आपल्या कोरड्या चिवड्याशी त्याचा काही संबंध नाही. पहिल्यांदा खाल्ला की वाटतं सर्दला आहे, पण तो असाच असतो. जगदीशचा सगळ्यांना माहीत आहे, भाकरवडी पण तिथलीच नेतात लोक पुण्याला, पुण्याला भाकरवडी नेणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत. ओलसर असल्यामुळे लीलो चेवडो फार दिवस ठेवू नका, घरी जायच्या आदल्या दिवशी घ्या. पेढे दुलीरामचे. प्यारेलालची कचोरी ही काकांच्या यादीत "दोघांत एक" अशी लिहिलेली आहे आणि ती सूचना पाळा, कचोरी फोडून आत चटण्या आणि वरून भरपूर शेव असा प्रकार असतो, एकट्याने संपवली तर दुपारच्या जेवणाला राम राम.

करेलीबागच्या राजू ऑम्लेटची एक मजा आहे. पीडीएफच्या दोन आवृत्त्या आहेत. एकीत ती ओळ आहे आणि दुसरीत नाही, दुसरी काकू नातेवाइकांना पाठवतात. अंडं खात असाल तर पहिली मागा. बटर इतकं असतं की डाएट वगैरे विषय त्या संध्याकाळपुरता बंद ठेवायचा, आणि नुसतं ऑम्लेट नको, उकडलेल्या अंड्यांचा मसाल्यातला प्रकार घ्या, पाव आपोआप जास्त लागतो.

"पिणं" ह्या विभागात सगळ्यांची निराशा होते आणि काकांना ते बघायला आवडतं असा माझा संशय आहे. गुजरात राज्य झालं 1960 साली तेव्हापासून दारूबंदी आहे, त्यामुळे तिथे फक्त एवढंच: "चहा, छास, उसाचा रस. बाकी विचारू नये." पण चहावर मात्र अर्धं पान. इथे कटिंग नाही, अडधी मागायची. जुन्या लारीवर काही म्हातारे अजून बशीत ओतून पितात, बशीला रकाबी म्हणतात. आल्याचा चहा सकाळी, पुदिन्याचा संध्याकाळी, असा काकांचा नियम, का ते विचारलं तर म्हणाले, "अरे, तसंच असतं." छास जेवणाबरोबर नाही, जेवणानंतर दहा मिनिटांनी. हे मी पाळतो. उन्हाळा लागल्यावर कळलं की ह्या विभागाला इतकी जागा का दिली आहे, मार्चमध्येच दुपारी बाहेर पडवत नाही.

आता फिरणं. इथे यादी एकदम वेगळी होते आणि मला वाटतं काकांचा जीव खरा इथे आहे. लक्ष्मी विलास पॅलेसला त्यांनी एकच ओळ दिली आहे: "सगळे जातात, जाऊन यावे, सोमवारी नाही." 1890 चा राजवाडा, तिसऱ्या सयाजीरावांचा, सुंदर आहेच, आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममधली रविवर्म्याची चित्रं तर छापील कॅलेंडरवर बघून मोठ्या झालेल्या माणसाला समोर बघताना वेगळंच वाटतं. पण तिकीट, गर्दी, शाळेच्या सहली. एकदा पुरे.

त्या एका ओळीच्या तुलनेत तांबेकर वाड्याला सात ओळी! बाहेरून लाकडी चार मजली जुना वाडा, त्याच्यावरून मी रोज जायचो आणि कधी मान वर केली नव्हती. 1849 ते 1854 बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा. आत भिंतीभर चित्रं, महाभारत, कृष्णलीला, आणि मध्येच इंग्रज-मराठा लढाई, टोपीवाले गोरे शिपाई. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. यादीतली सूचना: "ऊन असताना जा. दिवा नको." आतमध्ये उजेड खिडक्यांतूनच येतो, ढगाळ दिवशी गेलं तर चित्रांतले रंग मेल्यासारखे दिसतात आणि उन्हात गेलं तर तेच रंग उठून येतात, मी दोन्ही बघितलंय. कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं बघायला पण हाच नियम लावा, तिथे गंगावतरण आहे, मीरा आहे. ही गायकवाड घराण्याची स्मृतिवास्तू, बाहेर शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड हिंदुस्थानचा नकाशा, विश्वामित्री नदीच्या पुलाजवळ आहे पण बसमधले लोक मान न वळवता निघून जातात.

जुन्या शहरातल्या मांडवीचं चक्कर रविवारी सकाळी लवकर मारायचं, दुकानं उघडायच्या आधी. मधे बारा कमानींची मांडवी आणि चारी दिशांना चार दरवाजे, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. दुकानं उघडली की कमानी दिसत नाहीत, फक्त स्कूटर दिसतात. तिथून जवळ सेंट्रल लायब्ररी. सयाजीरावांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून 1910 मध्ये सुरू केलेली, लोखंडी कपाटं आणि मजल्यांना काचेच्या फरश्या, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत झिरपतो. मराठी पुस्तकं भरपूर. ज्या राजाने 1906 मध्ये राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं त्याची लायब्ररी अशीच असणार. पॅलेसपेक्षा इथे मला त्याची जास्त ओळख झाली.

कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग, यादीत दोनदा येते. एकदा म्युझियमसाठी, जिथे इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला, पाहुण्यांची मुलं त्याच्यासाठीच थांबतात. मोठ्यांनी अकोट्याच्या जुन्या ब्राँझ मूर्ती शोधाव्यात. दुसऱ्यांदा संकल्पभूमीसाठी. बाबासाहेब बडोदा सरकारच्या नोकरीत आले तेव्हा जातीमुळे त्यांना गावात कोणी खोली दिली नाही, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले तिथूनही बाहेर काढलं, आणि 23 सप्टेंबर 1917 ला ते ह्या बागेत झाडाखाली बसले होते, हे सगळं बदलायचा संकल्प त्यांनी तिथेच केला. मी ज्या गावात एका फोनवर खोली मिळवून राहतोय तिथलीच ही गोष्ट. काकांनी इथे वेळ वगैरे काही लिहिलेली नाही, नुसतं "जावे" लिहिलंय.

लांबच्यात चांपानेर-पावागड, पन्नासेक किलोमीटर. माझी नोकरी हालोलला असल्यामुळे डोंगर रोज दिसतो तरी यादी वाचेपर्यंत मी फक्त वर देवीलाच जायचं असतं असं समजत होतो. रोपवे आहे, त्यानंतरही पायऱ्या उरतात, नवरात्रात तर नकोच. खालचं चांपानेर मात्र निवांत दिवसभर घ्या. महमूद बेगड्याने 1484 मध्ये पावागड घेतला आणि इथे राजधानी वसवली, पुढे 1535 ला हुमायूनने हल्ला केला आणि शहर ओस पडलं, 2004 पासून जागतिक वारसा आहे. जामी मशिदीचं दगडी कोरीवकाम जवळून बघा. आणि परत येताना बडोद्याच्या रस्त्यावर वळणदार पायऱ्यांची विहीर आहे, आत गोल फिरत उतरत जाणाऱ्या अरुंद पायऱ्या, गाड्या भरधाव निघून जातात, थांबत कोणी नाही. डबा घरून न्या, वर देवळाच्या वाटेवर एका ठिकाणी खाल्लेल्या शिळ्या पुऱ्या माझ्या अजून लक्षात आहेत.

खटकलेल्या गोष्टी. एक तर यादी गावातल्या सुरसागर तलावाच्या पलीकडे फारशी जातच नाही. अलकापुरी, गोत्री, तिकडे नव्या लोकांचं सगळं आयुष्य आहे, कॅफे आहेत, काकांच्या मते "तिथे जे मिळतं ते सगळीकडे मिळतं" आणि विषय संपला. दुसरं, मटण-मासे शून्य, ते तुमचं तुम्ही शोधा. तिसरं, काही ओळी म्हाताऱ्या झाल्यात, एक खमणवाली लारी लिहिली आहे ती कधीच उठली, विचारलं तर काका म्हणतात येईल परत. पार्किंगबद्दल अवाक्षर नाही, मांडवीत चारचाकी नेऊ नका एवढं तरी लिहायला हवं होतं. न्यायमंदिरचं पण "कोर्ट सुटायच्या वेळी टाळावे" असं अजून आहे, कोर्ट तिथून हलून वर्षं झाली!

आणि सगळ्यात मोठी उणीव पावसाळा. विश्वामित्री फुगली की अर्धी यादी पाण्याखाली जाते आणि नदीतल्या मगरी रस्त्यावर येतात, ही अफवा नाही, 2019 ला आणि 2024 ला सगळ्यांनी व्हिडिओ बघितलेत. नवीन माणसाला पुलाच्या कुठल्या बाजूला अडकू नये हे कोणीतरी आधी सांगायला पाहिजे. मी काकांना म्हटलं एक तिसरं पान जोडा पावसाळ्याचं, कुठला रस्ता आधी बंद होतो, कुठे पाणी चढत नाही, गरम काय आणि कुठे मिळतं. काका म्हणाले, "पावसाळ्यात घरी बसायचं, काकू भजी करते, लिही."

मग ते मी पीडीएफमध्ये पेनाने लिहून टाकलं. काकूंना अजून माहीत नाहीये.