पेलेट चुलीचा पंखा मधेच थांबतो: इन्व्हर्टर घ्यावा की थेट १२ व्होल्टची बॅटरी?

आमच्या गुहागर पट्ट्यात पाऊस लागला की लाईटचा काही नेम नसतो, कधी तासभर जाते, कधी नुसती डोळा मारते, आणि पेलेट चूल (भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणारी) तर सगळी पंख्याच्या जिवावर. पंखा थांबला की वरच्या भोकांतला जाळ विझतो आणि खाली तापलेल्या पेलेटमधून सुटणारा गॅस न जळता पांढरा धूर होऊन घरभर पसरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो, म्हणून आधी दारं-खिडक्या उघडा, चुलीचं नंतर बघा.

पैसे घालण्याआधी लाईटच जातेय ना हे नक्की करा. पंखा थांबताना बल्बही मिचमिचला तर सप्लायचा प्रॉब्लेम. बल्ब ठीक आहे आणि वायर हलवली की पंखा फिरतो, तर पिन गेली समजा, आपल्या खाऱ्या हवेत पिनेच्या आत हिरवा थर चढतो, बाहेरून काही कळत नाही. ती पिन कापून टाकायची, क्रिंपचे लग (पकडीने दाबून बसवायची धातूची टोकं) लावायचे, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). तापल्यावर थांबतो आणि गार झाल्यावर परत फिरतो असं असेल तर बहुतेक पंख्याचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती रिंग) नाहीतर रेग्युलेटर. आणि पेलेट दमट होऊन भुगा झाला की जाळी चोंदते, जाळ मंदावतो, तिथे पंख्याचा काही दोष नसतो.

आता खरंच लाईटच जात असेल तर. इन्व्हर्टर वाईट नाही, मी पण आधी त्याच्यावरच चूल चालवली, दिवे, घरातले पंखे, वायफाय सगळं सांभाळतो. पण मला वैताग आला तो एकाच गोष्टीचा. लाईट गेली की इन्व्हर्टर बॅटरीवर यायला क्षणभर घेतो, बल्ब जेमतेम मिचमिचतो, पण आमच्या चुलीचा रेग्युलेटर बटणाचा आहे, तेवढ्यात तो रीसेट होऊन बंदच राहतो, परत कुणीतरी जाऊन बटण दाबायचं. तव्यावर घावन टाकलंय, हात पिठात, पंख्याचा आवाज बंद झालेला कळेपर्यंत धूर डोळ्यात. इन्व्हर्टर युपीएस मोडला (त्यात तो बॅटरीवर लवकर येतो) टाकून बघितलं, फरक पडला, पण पावसात लाईट तीनतीनदा जाते-येते तेव्हा एकदा तरी दगा द्यायचाच. गोल नॉबचा रेग्युलेटर असेल तर कदाचित तुम्हाला हा त्रास होणार पण नाही.

थेट बॅटरीवर पंख्याला लाईट गेल्याचं कळतच नाही. बॅटरी कायम चार्जरला, पंखा कायम बॅटरीवर, मधे बदलाबदल नाहीच. आमचा पंखा अर्धा अँपिअरही खात नाही, त्यामुळे ७ अँपिअर-अवरच्या छोट्या बॅटरीवर संध्याकाळचा स्वयंपाक आरामात होतो. कटकटी आहेत, नाही असं नाही. चार्जिंग चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास जातं, पंखा जोरात फिरतो आणि पेलेट भराभर संपतात, तेव्हा रेग्युलेटर थोडा खाली आणावा लागतो. वायर आखूड आणि जाड ठेवा, १२ व्होल्टला लांब बारीक वायर परवडत नाही. प्लसच्या टोकाजवळ फ्यूज हवाच. बॅटरी चुलीपासून लांब, हवेशीर जागी, कारण लेड अॅसिडची असेल तर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि टर्मिनलला व्हॅसलीन, नाहीतर परत तोच हिरवा थर.

घरात दिव्यांसाठी इन्व्हर्टर आधीच असेल तर मुद्दाम काढू नका, आमचाही आहे, फक्त चूल त्याच्यावरून उतरवली. नवीन घेणार असाल आणि चुलीचा पंखा १२ व्होल्टचा असेल तर मी तरी आधी बॅटरीच घेईन. पंख्यावरची पट्टी मात्र वाचून घ्या, हॉटेलच्या मोठ्या बर्नरला २३० व्होल्टचा ब्लोअर असतो, तिथे ही बॅटरी चालणार नाही, इन्व्हर्टरच लागेल आणि तो साइन वेव्हचाच (घरच्या लाईटसारखा करंट देणारा) घ्या, स्क्वेअर वेव्हवर मोटर गुणगुणते आणि तापते.