१२ हाफ पॅनचा वॉटरकलर डबा, सोलापूरच्या उन्हाळ्यात वापरल्यावर

हा पत्र्याचा डबा (हाफ पॅन म्हणजे सुक्या रंगाची छोटी वडी) दिवाळीत घेतला, हिवाळा आणि अख्खा उन्हाळा वापरला, म्हणून आता सविस्तर लिहितोय. मी पोस्टकार्ड साइजची चित्रं करतो, समोर बघूनच, फोटोवरून नाही. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर किंवा किल्ल्याच्या बागेत, ऊन चढलं की घरी खिडकीपाशी स्टिल लाइफ, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र. (जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली की तलावाकडे लै गर्दी, तेव्हा बागच बरी.)

इथल्या कोरड्या हवेत रंग पटापट वाळतो हे आधी लक्षात घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा सकाळी नऊलाच आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) अर्ध्यात वाळून कडा दिसायला लागतात, मग कागद आधी दोनदा ओला करायचा, पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब टाकायचा, जास्त नको नाहीतर चित्र चिकट राहतं. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन कागद ओल धरून ठेवतो, त्यात पैसे वाचवू नका. कोरड्या हवेचा फायदा पण आहे, दमट गावात ओला डबा बंद केला की पॅनवर बुरशी येते, इथे तसलं काही झालं नाही.

रंगांचं म्हणाल तर अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), या दोघांसाठीच डबा घ्यावा. भुईकोट किल्ल्याचा दगड लांबून नुसता काळा वाटतो, पण समोर बसून नीट बघा, उन्हातली बाजू तपकिरी, सावलीतली निळसर, खाली गवतापाशी जरा हिरवट. तिथे तयार काळा लावला की भिंतीला भोक पडल्यासारखं दिसतं. हे दोन रंग ओल्या कागदावर एकमेकांत सोडले की अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरबरीतपणा आपोआप येतो, ठिपके देत बसावं लागत नाही. हे बघताना मला अजूनही भारी वाटतं.

स्टिल लाइफला ताटलीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि मागे सोलापुरी चादर. चादरीचं डिझाइन सगळं काढू नका, घडीवर पट्टा कुठे वळतो तेवढं बघून काढलं तरी कापडाचा जाडपणा कळतो. भाकरीचा उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद आणि त्यावर पातळ यलो ऑकर (मातकट पिवळा), डब्यातल्या पांढऱ्याची गरजच पडत नाही.

क्रिमझन (गडद लाल) मात्र कच्चा आहे. रंगाची पट्टी अर्धी काळ्या कागदाने झाकून खिडकीत लावली होती, उन्हाळा संपेपर्यंत उघडी बाजू स्पष्ट फिकी पडली. पॅनवर पिगमेंट नंबरच नाही, म्हणजे आत कुठलं रंगद्रव्य आहे ते सांगणारा कोड. कुठलाही सेट घेताना नंबर बघा, पीआर ८३ म्हणजे अलिझरिन, तो उन्हात उडतो. मी तो पॅन धुऊन ट्यूबमधला क्विनाक्रिडोन रोज, पीव्ही १९, भरलाय. सोबतचा वॉटरब्रश (दांड्यात पाणी भरायचा ब्रश) झाडाच्या बारीक फांद्यांना चालतो, वॉशला अजिबात नाही, त्यासाठी ८ नंबरचा गोल ब्रश वेगळा घ्या.