मोनोमधला सायकेडेलिक रॉक: आठ महिने ऐकल्यानंतर

१९६६ ते १९६८ मधले ब्रिटिश सायकेडेलिक (स्वप्नवत, चित्रविचित्र ध्वनींच्या रॉकचे) अल्बम स्टिरिओत, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळा आवाज देणाऱ्या रूपात, ऐकून ‘बरे आहेत’ एवढ्यावर सोडून दिले असतील, तर ते एकदा मोनोत, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेल्या रूपात, ऐका. दोन्ही मिक्स (सगळ्या आवाजांची शेवटची जुळणी) आठ महिने आलटूनपालटून, स्पीकरवर आणि हेडफोनवर ऐकल्यावर बनलेलं मत हे आहे. मात्र ते सरसकट लागू होत नाही.

तेव्हा लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत चार ट्रॅकच्या (आवाजांच्या चार स्वतंत्र पट्ट्यांच्या) टेपवर ध्वनिमुद्रण व्हायचं. ड्रम, बास आणि गिटार बरेचदा एकाच ट्रॅकवर असायचे, त्यामुळे स्टिरिओ करताना तो अख्खा गठ्ठा एका बाजूला सारावा लागे. हेडफोनवर हे फार खटकतं: एका कानात ताल, दुसऱ्यात गळा आणि मधे पोकळी. घरोघरी मोनो प्लेअर असल्यामुळे बँडचा जीव मोनो मिक्सवर असायचा.

सर्वांत ठळक उदाहरण बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चं (१९६७). ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत जवळजवळ अर्धा स्वर वर आहे आणि लयही चढी आहे. त्यानंतर स्टिरिओतलं गाणं रेंगाळल्यासारखं वाटतं. ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’मध्ये गळ्यावरची ती लाटेसारखी थरथर मोनोतच नीट जाणवते. ‘विदिन यू विदाउट यू’ मात्र स्टिरिओत जास्त उलगडतं. मधला वाद्यांचा भाग झपतालाच्या वजनाचा आहे आणि तिथे दिलरुबा व पाश्चात्त्य तंतुवाद्यं एकमेकांना उत्तरं देतात. ते संवाद मोनोत एकमेकांत मिसळतात.

‘रिव्हॉल्व्हर’मध्ये (१९६६) ‘लव्ह यू टू’ शेवटी मोनोत काही सेकंद जास्त वाजतं, म्हणजे द्रुत लयीतला तबला तेवढा जास्त मिळतो. तो वाजवणाऱ्या अनिल भागवत यांचं नाव मूळ कव्हरवर छापलेलं आहे. त्या काळात वादकांची नावं क्वचितच छापली जात, म्हणून हे आवर्जून पाहावं.

पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम, ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ (ऑगस्ट १९६७), मोनोत जास्त धारदार आहे. निर्माता नॉर्मन स्मिथ आधी बीटल्सचा ध्वनिमुद्रक होता. मोनोत सिड बॅरेटची गिटार अंगावर येते. पण ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’च्या शेवटी आवाज डावी-उजवीकडे झोके घेतो, तो थरार स्टिरिओतच आहे. २००७ च्या आवृत्तीत दोन्ही मिक्स आहेत; घ्यायची तर तीच. जुनी अमेरिकन आवृत्ती टाळा, तिच्यात गाण्यांची काटछाट आणि अदलाबदल आहे.

झोंबीज या बँडचा ‘ओडेसी अँड ओरॅकल’ (१९६८) ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. कंपनीने स्टिरिओ मिक्स मागितला तेव्हा पैसे संपले होते आणि तो खर्च बँडमधल्या दोघांनी स्वतः उचलला. ‘धिस विल बी अवर इयर’मधली पितळी वाद्यं थेट मोनो मिक्स करतानाच घातली होती, मल्टिट्रॅकवर (वेगवेगळ्या ट्रॅकच्या मूळ टेपवर) ती नव्हतीच. म्हणून खऱ्या स्टिरिओ मिक्समध्ये ती ऐकू येत नाहीत. या गाण्यासाठी तरी मोनोच ऐका.

आता नेहमीची फसगत. फोनच्या सेटिंगमधला ‘मोनो ऑडिओ’ चालू केला म्हणजे मोनो मिक्स मिळत नाही. तो फक्त स्टिरिओचे दोन चॅनल एकत्र करतो. त्यात मधोमध असलेला आवाज कडेच्या आवाजांच्या तुलनेत साधारण ३ डेसिबलने वर येतो आणि सगळा तोल बिघडतो. फाइल मोनो आहे का हे ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासता येतं: स्टिरिओ ट्रॅकचे दोन मोनो ट्रॅक करा, एकाला इन्व्हर्ट लावा (म्हणजे त्याची ध्वनिलहर उलटी करा), दोन्ही मिक्स करा. शांतता उरली तर फाइल मोनो आहे. मात्र दोन चॅनल मिसळून केलेला खोटा मोनोही ही परीक्षा पास होतो. म्हणून शेवटी कानानेच ओळखायचं: ‘शीज लीव्हिंग होम’ स्टिरिओइतकंच खालच्या स्वरात असेल, तर तो खरा मोनो नव्हे.

एलपीवर ऐकणाऱ्यांसाठी: मोनोची खाच फक्त आडव्या दिशेने हलते, पण स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) उभी हालचालही टिपतो आणि धुळीची करकर त्यातूनच बरीचशी येते. ॲम्प्लिफायरवर मोनो बटण असेल तर दाबा, फरक लगेच कळतो. जुन्या मोनो तबकड्यांसाठी २५ मायक्रॉनची सुई सुचवतात. पण २०१४ च्या बीटल्स मोनो एलपींसारख्या नव्या तबकड्यांना नेहमीची १८ मायक्रॉनचीच लावा. जाड सुई अरुंद खाचेत नीट बसत नाही.

गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या बाबतीत मात्र मोनोचा आग्रह धरू नका. ‘ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह’च्या (डिसेंबर १९६७) शीर्षकगीताच्या शेवटी ध्वनिमुद्रक एडी क्रेमरने केलेलं स्टिरिओ फेजिंग (आवाजाला सळसळत फिरवणारा परिणाम) ड्रमला अख्ख्या खोलीभर फिरवतं. ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ (१९६८) तर पहिल्या आवाजापासून स्टिरिओसाठीच रचलेला आहे. हे दोन्ही रात्री, चांगल्या हेडफोनवर ऐका.